सव्वा महिन्यानंतर



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांचं नाव पुस्तिकेच्या कव्हरावर छापलेलं आहे. बोलताना मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणणार आहे, कारण रेवदंड्यापासून मांडव्यापर्यंत त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारल्याचं मी ऐकलेलं नाही. बाई नर्स होत्या. बाळंतपणाला निघताना त्या पिशवीत एक जादा टॉवेल ठेवत. बाळासाठी चारजणी धावतात, आईचं तोंड पुसायला कुणी नसतं, म्हणून तो टॉवेल आईचा, असं त्या म्हणायच्या. आजचा माझा विषय त्या टॉवेलाचाच आहे, म्हटलं तरी चालेल.

विषय आहे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस झालेल्या बाईचं गरोदरपण आणि बाळंतपण. एवढ्या दुर्मीळ आजारावर पूर्ण तास कशाला, असं आयोजकांपैकी एकाने मला अगदी प्रेमाने विचारलं. त्यांना मी एका मुलीची गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

काही वर्षांपूर्वी मुरूड तालुक्यातली एक गरोदर मुलगी माझ्याकडे आली. चौथा महिना लागलेला. सोबत नवरा आणि सासू. सासूबाईंच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. लग्नाआधी मुलीचा एक डोळा तीन आठवडे अंधुक झाला होता. तो सुधारला. वर्षभराने पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. मग मुंबईला एमआरआय झाला आणि कागदावर एमएस लिहिलं गेलं. इंजेक्शनं सुरू झाली, आणि लग्न ठरल्यावर बंद झाली. कारण विचारलं तर ती हळूच म्हणाली, "सासरच्या फ्रिजमध्ये ठेवली असती तर दिसली असती ना." लग्नानंतर हे सगळं उघडकीला आलं. कुणा डॉक्टरांनी मूल पाडायला सांगितलं, आणि आता सासूबाई माझ्यासमोर बसून विचारत होत्या, "डॉक्टरीणबाई, ठेवायचं की नाय?"

बाई त्या वेळी असत्या तर आधी सुनेला पाणी दिलं असतं. मी आधी फाइल वाचली. डॉक्टर लोकांची ही खोड आहे.

या आजाराचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. मेंदू आणि मज्जारज्जूमधल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, विजेच्या वायरवर असतं तसं. एमएसमध्ये शरीराचीच संरक्षक फौज त्या आवरणावर तुटून पडते. जिथे आवरण सोललं जातं तिथलं काम अडतं. कधी डोळा, कधी पाय, कधी लघवीवरचा ताबा. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचं स्वतंत्र वर्णन केलं. बहुतेकांत सुरुवातीची वर्षं तो भरती-ओहोटीसारखा असतो. मध्येच उचल खातो, काही आठवड्यांनी बसतो, जाताना कधी काही मागे ठेवून जातो. पुरुषांच्या दोन-तीन पट बायकांना होतो आणि बहुधा विशी ते चाळिशीत गाठतो. लग्न, मूल, नोकरी या सगळ्याचा काळ तोच. म्हणून या आजारात गरोदरपणाचा प्रश्न कडेला ठेवून चालत नाही.

पूर्वी हा थंड देशांचा, गोऱ्यांचा आजार समजला जाई. आपल्याकडे मुंबईच्या पारशी समाजात तो लाखामागे वीस ते सव्वीस जणांना असल्याचं 1988 आणि 1990 मध्ये छापून आलेल्या पाहण्यांतून दिसलं. त्यांतली एक पाहणी डॉ. नोशीर वाडिया यांची, ज्यांनी जे. जे. रुग्णालयात मेंदूविकाराचा विभाग उभा केला. बाकीच्या भारतीयांत तो फार थोडा, असा तेव्हाचा अंदाज होता. पुढे एमआरआय यंत्रं आली, आणि मंगळूरच्या पाहणीत लाखामागे आठांहून अधिक रुग्ण सापडले. आपल्यासारखाच किनारा, तसंच ऊन, तसाच मासळीभात. मग रायगड किनाऱ्यावर तो नसेल असं कशावरून धरायचं? मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत 1985 पासून आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत एमएसचं नाव आहे. आपल्या गावांत हा आजार नसतो असं नाही, त्याला नाव नसतं. "तिला अशक्तपणा आहे," "बाहेरचं काही असेल," एवढ्यावर तो झाकला जातो.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. विसाव्या शतकाची निदान पहिली पन्नास वर्षं डॉक्टर अशा बायकांना सरळ सांगत की मूल होऊ देऊ नका. बाळंतपणानंतर दोन-चार बायका अंथरुणाला खिळलेल्या त्यांनी पाहिलेल्या असत आणि त्यावरून नियम बांधलेला असे. गरोदरपणात ज्या ठणठणीत होत्या त्या डॉक्टरांकडे आल्याच नव्हत्या, त्यामुळे हिशेबातही आल्या नाहीत. नीट हिशेब झाला तो 1998 मध्ये. फ्रान्समधल्या लिऑंच्या कॉन्फाव्ह्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या 12 देशांतल्या 254 बायकांची 269 गरोदरपणं सुरुवातीपासून पुढे पाहत नोंदली. गरोदरपणाआधीच्या वर्षात एका बाईमागे वर्षाला सरासरी 0.7 वेळा आजार उचल खात होता. शेवटच्या तिमाहीत हाच वेग 0.2 वर आला. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तो 1.2 वर चढला आणि मग हळूहळू पहिल्या जागी गेला.

हे वाण्याच्या खतावणीसारखं मांडून बघा. हे आकडे वर्षाच्या वेगाचे आहेत आणि बाळंतपणानंतरचा धोक्याचा काळ तीन महिन्यांचा, म्हणून दहा बाळंतिणींमागे त्या काळात साधारण तीन उचली. त्यांच्यातल्या शेकडा 72 जणींना त्या तीन महिन्यांत काहीच झालं नाही. गरोदरपणाचे नऊ महिने आणि नंतरचे तीन एकत्र जोडले तर वर्षाची बेरीज आधीच्या वर्षाएवढीच येते, किंबहुना किंचित कमी. अपंगत्व वाढण्याचा वेगही गरोदरपणामुळे बदलला नाही. म्हणजे नऊ महिने उसंत मिळते आणि नंतर थोडी वसुली होते. आज औषधं सुधारली आहेत, नियोजन करून गरोदर राहणाऱ्या बायका वाढल्या आहेत, त्यामुळे हे आकडे पूर्वीपेक्षा सौम्य झाले आहेत. पण चित्राचा आकार तोच आहे.

गरोदरपणात आराम का पडतो? बाळाचा अर्धा वारसा बापाकडून आलेला असतो. आईच्या फौजेच्या दृष्टीने ते अर्धं परकं. त्याला नऊ महिने सांभाळायचं तर फौजेला दम धरायला लावावा लागतो. वारेतून येणारी संप्रेरकं, त्यांत एस्ट्रिऑल आलं, हे काम करतात, आणि ज्या फौजेने बाळाला अभय दिलं ती मायलिनलाही जरा मोकळं सोडते. वार पडली की संप्रेरकं झपाट्याने उतरतात आणि फौज पुन्हा जागी होते. हे मी सोपं करून सांगते आहे. प्रत्यक्षात गुंता बराच आहे.

मी सासूबाईंना म्हटलं, "ठेवायचं. पण पोट दिसतंय तोवर घाबरू नका. पोट उतरलं की हिच्याकडे बघा." त्यांना ते पटलं नाही. आपल्याकडे सगळी काळजी पोटाची असते. सातव्या महिन्याची ओटी, डोहाळजेवण, "वाकू नकोस," "ग्रहणात बाहेर पडू नकोस." बाळ बाहेर आलं की ही सगळी वर्दळ पाळण्याकडे वळते.

पण त्याही आधीचा एक टप्पा आहे आणि घोळ तिथूनच सुरू होतो, गर्भ राहण्याआधीचा. इंजेक्शनं दोन ते आठ अंशांत ठेवावी लागतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन-मुरूडकडच्या कित्येक गावांत नंतर कितीतरी दिवस वीज नव्हती. फ्रिज म्हणजे नुसतं पत्र्याचं कपाट झालं होतं. सलाइनमधून द्यायच्या औषधासाठी मुंबई गाठायची, तर पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद. भाऊच्या धक्क्याची रो-रो चालते, पण तीही समुद्राची मर्जी असेल तर. त्यामुळे आपल्या भागातल्या मुलींना गोळ्या सोयीच्या पडतात. कुठेही ठेवा, कुणाला दिसत नाहीत. नेमकी पंचाईत इथे होते. टेरिफ्लुनोमाइड आणि फिंगोलिमोड या दोन्ही गोळ्या गर्भाला चालत नाहीत. टेरिफ्लुनोमाइड शरीरातून जायला कधी दोन वर्षंही लागतात. ते लवकर काढायचं तर कोलेस्टिरामिनची पूड अकरा दिवस घ्यावी लागते आणि रक्तातलं प्रमाण उतरल्याची खात्री करावी लागते. फिंगोलिमोड निदान दोन महिने आधी थांबवायचं, पण अचानक थांबवलं तर आजार दुप्पट जोराने उसळू शकतो. म्हणून ते सोडताना मधल्या काळासाठी कुठलं औषध, हे मेंदूविकारतज्ज्ञाने ठरवायला हवं. उलट ज्यांना घाबरून मुली बंद करतात ती इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरामर ही जुनी इंजेक्शनं गरोदरपणात त्यातल्या त्यात निर्धास्त. लपवून ठेवायला सोपी ती गोळी बाळाला घातक, आणि फ्रिजमध्ये सगळ्यांना दिसणारं इंजेक्शन बरं! लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची यादी होते, तिथे एक वाक्य या आजाराचंही बोललं जावं. मुलीकडच्यांनी ते बोलायला भ्यावं अशी हवा आपणच करून ठेवली आहे, आणि याचा दोष मी त्या मुलींना द्यायला तयार नाही.

प्रत्यक्ष बाळंतपणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एमएस आहे म्हणून सिझेरियन करावं लागत नाही. कण्यातून भूल दिली की आजार वाढतो, ही भीती 1998 च्याच अभ्यासात निराधार ठरली. कमरेखालची संवेदना कमी असेल तर कळा उशिरा समजतात, म्हणून शेवटच्या आठवड्यांत दवाखान्याजवळ राहायला यावं. पाय ताठरत असतील तर कुशीवर झोपवून बाळंतपण करावं. लघवीत जंतुसंसर्ग झाला आणि ताप आला तर जुनी लक्षणं डोकं वर काढतात, म्हणून लघवी वरचेवर तपासावी. मुरूडच्या त्या मुलीचं बाळंतपण सरळ झालं, पहाटे, टाके सोडले तर काही नाही. बाई असत्या तर टॉवेल काढला असता.

अलिबागमध्ये बाळंतपणावर बोलताना आनंदीबाई जोशींची आठवण निघतेच. गोपाळराव काही काळ इथल्या टपाल खात्यात होते. अवघ्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई आई झाल्या आणि दहा दिवसांत ते मूल गेलं. पुढे 1886 मध्ये अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. मला तो विषय फार बोलका वाटतो. घरातली बाळंतिणीची खोली त्यांनी शास्त्राच्या टेबलावर नेऊन ठेवली. आता मी त्या खोलीतच शिरते.

आपली बाळंतिणीची खोली तुम्ही जाणता. खिडक्या लावलेल्या, कानाला फडकं, बाजेखाली निखारे, ओवा-शेपाची धुरी, आणि सकाळी न्हाणीत सोसवेल तेवढ्या कढत पाण्याने न्हाऊ घालणं. ती मुलगी माहेरी गेली होती. बाराव्या दिवशी तिच्या आईचा फोन आला, रडत. न्हाणीतून उठताना पोरीचे पाय गेले, उभीच राहवेना, डोळ्यांपुढे धुकं. आईच्या मते हा अटॅकच. मी विचारलं, आता कशी आहे? पंख्याखाली झोपवलंय, म्हणाली. मी म्हटलं, तासाभराने पुन्हा फोन करा. तासाभराने पोरगी स्वतःच बोलली, "आता दिसतंय नीट."

उटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये हे लिहून ठेवलं आहे. त्याचे रुग्ण श्रमाने तापले की त्यांची नजर मंदावायची. आवरण सोललेल्या तंतूतून संदेश कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने चढलं तरी तो अडतो आणि अंग निवलं की पुन्हा सुरू होतो. आजार वाढलेला नसतो. एमआरआय येण्यापूर्वी डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का ते बघत. निदानाची ती एक रीतच होती. जी परीक्षा ते एकदा घेत, ती आपण बाळंतिणीची रोज सकाळी सव्वा महिना घेतो, तीही एप्रिल-मेच्या दमट घामात! तेल लावा, अंग चोळा, पाणी कोमट ठेवा, निखारे काढा, खिडकी उघडा. हळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांच्याशी माझं काहीच भांडण नाही. मोजायचं एवढंच की अंग थंड झाल्यावर तासाभरात उतरलं तर ती उष्णता. चोवीस तासांहून अधिक टिकलं, किंवा नवीनच काही सुरू झालं, तर मात्र वाट बघायची नाही, मग रविवार असो की गणपती.

आता सव्वा महिन्याचं. बाळंतिणीला चाळीस दिवस कामाला लावू नये हा आपला रिवाज. ज्याने तो घातला त्याला माझा नमस्कार. पण हा आजार पंचांग पाळत नाही. त्याचा धोक्याचा काळ तीन महिन्यांचा आहे. चाळिसाव्या दिवशी बाई सासरी परत येते, दुसऱ्या दिवसापासून चूल, धुणं, पाणी, आणि रात्री बाळाचं जागरण. थकवा हे या आजाराचं सर्वांत छळणारं लक्षण. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला 'नखरे' हे नाव मिळतं.

सरकारी यंत्रणेचंही तसंच आहे, हे मला फार उशिरा लक्षात आलं. आशाताई नवजात बाळासाठी घरी येते ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यापुढची बालसंगोपनाची भेट तिसऱ्या महिन्यात. बेचाळीस ते नव्वद या दिवसांत दार वाजवणारं कुणी नाही. रिवाजाचा सव्वा महिना आणि सरकारचे बेचाळीस दिवस जवळजवळ एकाच दिवशी संपतात. आणि या भेटी मुळात बाळाच्या वजनासाठी असतात. आईचा टॉवेल कुणाच्याच पिशवीत नाही.

त्या मुलीला जे व्हायचं ते सत्तराव्या दिवसाच्या आसपास झालं, नेमकं त्या रिकाम्या जागेत. ते कसं कळलं ते शेवटी सांगते. आधी दोन गोष्टी, ज्या लोक वारंवार विचारतात.

अंगावर पाजायचं का? हो, पाजायचं. बाळाला अंगावर पाजणाऱ्या बायकांत बाळंतपणानंतरच्या उचली कमी दिसतात, असं 2020 मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात आहे. मात्र ज्या बाईचा आजार आधीच उग्र होता तिला औषध लवकर सुरू करावं लागतं, आणि दुधातून कुठलं चालतं ते विचारून ठरवावं लागतं. पाजता आलं नाही म्हणून तिला अपराधी वाटायला लावू नये. स्टेरॉइडचं सलाइन लागलं तरी दूध कायमचं तोडायचं नसतं, दोन-चार तासांचं अंतर ठेवलं की पुरतं. एक गोष्ट मात्र बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगायची. गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईला रिटुक्सिमॅबसारखं औषध मिळालं असेल, तर बाळाच्या रक्तातल्या बी-पेशी काही काळ कमी असू शकतात. आपल्याकडे बीसीजी ही जिवंत जंतूंची लस जन्मल्या जन्मल्या टोचतात. तिथे टोचण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरं, "बाळाला होईल का?" आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन. सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त, तरी सत्त्याण्णव वेळा नाही. यावरून सुनेच्या माहेरचा उद्धार करायचं कारण नाही.

एक इशाराही द्यायला हवा. एमएससारखाच दिसणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा वेगळा आजार आहे आणि आपल्या देशात पूर्वी तो बऱ्याचदा एमएस म्हणूनच नोंदला जाई. 2004 पासून त्याची रक्ततपासणी उपलब्ध होऊ लागली. त्या आजारात गरोदरपण नऊ महिन्यांची उसंत देत नाही. ज्या प्रथिनावर तो हल्ला करतो ते वारेतही असतं, गर्भपाताचा धोका वाढतो, आणि औषध बंद करणं महागात पडतं. तेव्हा मी आज जे सांगितलं ते निदान पक्कं असलेल्या एमएसपुरतं धरा.

आता त्या सत्तराव्या दिवसाकडे येते. बाळाला न्हाऊ घालायचं होतं, मुलीने भिंतीवरचं 'कालनिर्णय' बघितलं. तिला वाटलं, या महिन्यात छपाई फिकी झाली आहे. रविवारचे लाल आकडे विटकरी दिसत होते. एक डोळा पुसताना झाकला गेला आणि दुसऱ्याने बघताना तेच आकडे लालभडक झाले. डोळ्याची नस सुजली की आधी लाल रंग विटतो. डॉक्टर हे लाल टोपणाची बाटली दाखवून तपासतात. हिने स्वतःच तपासलं आणि त्याच दिवशी मला फोन केला. स्टेरॉइडची सलाइनं झाली, महिन्याभरात नजर परतली. थोडा फिकेपणा राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या खेपेला ती गरोदर राहिली ती मेंदूविकारतज्ज्ञांना विचारून. महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्वाच्या तपासणीला सासूबाई स्वतः घेऊन यायच्या, इंजेक्शनं घरच्या फ्रिजमध्ये दह्याशेजारी ठेवलेली. बाळंतपणानंतर मी त्यांच्या घरी गेले. बाजेखाली निखारे नव्हते, टेबलफॅन होता. पाळणा अजून बांधायचा होता, पण बाजेसमोरच्या भिंतीवर खिळा ठोकून 'कालनिर्णय' टांगून झालं होतं. मी बसले असतानाच सासूबाईंनी सुनेच्या एका डोळ्यावर पदर धरला आणि विचारलं, "सांग, रविवार कसा दिसतो? लाल ना?"